वाट लावून देणारे हैबतबाबा

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, स्मरणिका निघते आहे, तुम्हीही त्यात काही लिहा, असा मंडळींचा आग्रह झाला. आम्ही शेतकरी माणूस. शिक्षण चौथीपर्यंत. कीर्तनात उभं राहून बोलायची सवय आहे, बसून लिहायची नाही. पण विषय मात्र मनात पक्का होता. ज्या वाटेनं आपली दिंडी आजवर चालत आली ती वाट ज्यांनी लावून दिली, त्या श्री गुरु हैबतबाबा आरफळकर यांचं चरित्र लिहायचं.

ज्ञानोबारायांचं चरित्र आपल्या बायाबापड्यांना पाठ आहे. तुकोबारायांचं आहे, नामदेवरायांचं आहे. पण हैबतबाबा कोण, कुठले, त्यांनी केलं काय, असं पोरांना विचारलं तर पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. त्यात पोरांचा दोष नाही. आम्ही सांगणारेच कमी सांगतो. म्हणून हा प्रपंच.

हैबतबाबांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं आरफळ. आडनाव पवार. घराणं शिपाईगिरीचं. त्या काळी आपल्या भागातली कर्ती माणसं चाकरीसाठी लांब लांब जात. हैबतराव ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या दरबारी गेले आणि तिथं सरदारकीला चढले. आरफळ कुठं आणि ग्वाल्हेर कुठं. मधे नर्मदा, तापी, सातपुड्याचे डोंगर. पण घरात विठ्ठलभक्ती होती, ती त्यांनी बरोबर नेली.

इथं जरा थांबून लष्कराची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या कामाची मुळी तिथं आहे. फौज चालायची म्हणजे नुसत्या तलवारी असून भागत नाही. उद्याचा मुक्काम कुठं, तिथं पाणी आहे का, हजारो माणसांचं आणि जनावरांचं पोट कसं भरायचं, तंबू कुणी आधी पुढं न्यायचे, कोण आघाडीला चालणार, कोण पिछाडी सांभाळणार, मागं राहिलेल्याला कोण आणणार, हे सगळं ठरलेलं असावं लागतं. नाहीतर लढाईच्या आधीच फौज मोडते. हैबतरावांनी हे वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिलं, हातानं केलं. तेव्हा त्यांनाही ठाऊक नसेल की ही विद्या पुढं वैष्णवांच्या कामी येणार आहे.

पुढची गोष्ट परंपरेनं चालत आलेली आहे, ती तशीच सांगतो. चाकरी करून, मिळवलेलं धन घेऊन हैबतराव गावाकडं निघाले. सातपुड्याच्या रानात लुटारूंनी गाठलं. धन घेतलं आणि त्यांना गुहेत कोंडून तोंडाशी धोंड लावली. सरदार माणूस, पण तिथं सरदारकी काय कामाची? अंधारात त्यांनी ज्ञानोबारायांचा हरिपाठ धरला. अन्न नाही, उजेड नाही, हरिपाठ मात्र चालू. असे एकवीस दिवस गेले म्हणतात. एकविसाव्या दिवशी लुटारूंच्या नायकाच्या घरी मुलगा झाला. आनंदाच्या भरात त्यानं धोंड काढली. पाहतो तर आत माणूस जिवंत, आणि ओठांवर नाम. त्याच्या मनात पालट झाला. त्यानं हैबतरावांना सोडलं आणि लुटलेलं धनही परत केलं.

हैबतरावांनी मनाशी धरलं की हा आपला दुसरा जन्म आणि तो माउलींनी दिला. मग आरफळची वाट सोडून ते आळंदीला आले. समाधीपुढं जे बसले ते तिथलेच झाले. हैबतरावाचे हैबतबाबा झाले.

आता वारीकडं येऊ. काही जण म्हणतात की वारी हैबतबाबांनी सुरू केली. तसं नाही. वारी फार जुनी. ज्ञानोबारायांच्या आधीपासून लोक पंढरीला जात होते. तुकोबारायांच्या घराण्यात वारी पिढ्यान्‌पिढ्या होती. तुकोबारायांच्या पश्चात त्यांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखी काढली. देहूहून तुकोबारायांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला येऊन माउलींच्या पादुका घ्यायच्या आणि दोन्ही एकाच पालखीतून पंढरीला न्यायच्या. ज्ञानोबा तुकाराम हा जोडीचा गजर तेव्हापासूनचा. हा सोहळा दीडशे वर्षांच्या आसपास असा एकत्र चालला.

पुढं देहूकर मंडळींत हक्काचे आणि मानाचे वाद उपजले. आम्ही कुणाकडं बोट दाखवत नाही. चार भाऊ एका बांधावर आले की काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. पण वाद घरचा असला तरी हाल वारकऱ्यांचे होणार, सोहळ्यात खंड पडणार, ही काळजी हैबतबाबांना लागली. तेव्हा साधारण १८३२ च्या सुमारास त्यांनी आळंदीहून माउलींची पालखी स्वतंत्र काढली. देहूची तुकोबारायांची पालखी आपल्या वाटेनं चालू राहिली, आळंदीची आपल्या वाटेनं. दोन्ही पंढरीलाच पोचतात. वेगळं होऊनही वैर ठेवलं नाही. आळंदीच्या वाटेवरही तुकोबारायांचं नाव माउलींच्या नावाला लागूनच घेतलं जातं. आजही भजनात बघा, एक नाव घेतलं की दुसरं आपोआप येतं.

पालखी काढली असं एका वाक्यात लिहून होतं. पण ते काम केवढं होतं याचा विचार करू. पेशवाई १८१८ साली बुडाली, त्याला जेमतेम चौदा-पंधरा वर्षं झालेली. मुलखात लुटालुटीची धास्ती लोकांच्या मनातून गेलेली नव्हती. पुणं कंपनी सरकारकडं गेलेलं आणि नीरा ओलांडली की साताऱ्याच्या छत्रपतींचा मुलूख. म्हणजे एकाच वाटेवर दोन राज्यं. डांबरी सडक नाही, मोटार नाही, पाण्याचा टँकर नाही. पावसाचे दिवस, ओढे-नाले भरलेले. पटकीची साथ त्या काळी यात्रेच्या पाठोपाठ चालायची. आणि जाणारी माणसं कोण? तुमच्या आमच्यासारखी शेतकरी, बलुतेदार, मोलमजुरी करणारी, म्हातारी-कोतारी. खांद्यावर घोंगडी, फडक्यात भाकरी. अशी हजारो माणसं आळंदीहून पंढरीला पोचवायची, तीही एकादशीच्या आत. द्वादशीला पोचून काय उपयोग?

पहिली गोष्ट वेळेची. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, पंढरीत पोचायचं आषाढ शुद्ध दशमीपर्यंत, एकादशीला चंद्रभागेचं स्नान. शेतकऱ्यानं याचा मेळ लावून बघावा. मृगाचा पाऊस झाला, पाभर चालवली, पेरणी आटोपली की मग माणूस मोकळा होतो. कोळपणी-खुरपणीला अजून अवकाश असतो. त्या फटीत वारी बसते. अधिक महिना आला की थोडं मागं-पुढं होतं, पाऊस लांबला तर जीव टांगणीला लागतो, हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे. तरी ही तिथी शेतकऱ्याच्या वर्षात जशी बसते तशी दुसरी बसली नसती.

दुसरी गोष्ट मुक्कामांची. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. आळंदीहून पुणे, मग दिवे घाट चढून सासवड, तिथं सोपानकाकांची समाधी. पुढं जेजुरीला खंडोबाचा भंडारा, मग वाल्हे. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. पुण्याला नि सासवडला दोन-दोन मुक्काम, म्हणजे आळंदी-पुणं आणि दिवे घाट अशी चाल झाल्यावर पायांना विसावा मिळतो. काळाप्रमाणं मुक्काम कुठं वाढले, कुठं बदलले असतील. पण बेताचं चालणं, दुपारचा विसावा, सांजेला पाणी आणि वस्ती जवळ, हा हिशेब तोच आहे. म्हातारं माणूससुद्धा चालू शकेल एवढंच रोजचं चालणं. दिवे घाटाचा दिवस तेवढा कसाचा, आणि त्याला पुढं लगेच सासवडची विश्रांती ठेवलेली. ज्यानं हे बसवलं त्याला दुसऱ्याच्या पायातले फोड दिसत होते.

तिसरी गोष्ट सामानाची. पालखी राजाची निघते तशी माउलींची निघावी, घोडा असावा, तंबू असावा, ही हैबतबाबांची इच्छा. त्यासाठी त्यांनी अंकलीच्या शितोळे सरकारांकडं शब्द टाकला. अंकली म्हणजे आताच्या बेळगाव जिल्ह्यातली, कृष्णाकाठची. शितोळे हे शिंद्यांच्या सोयरिकीतले, महादजी शिंद्यांची लेक बाळाबाई शितोळ्यांच्या घरी दिलेली. ग्वाल्हेरच्या चाकरीतली ओळख इथं उपयोगी पडली असणार. एरवी माणूस अशी ओळख स्वतःसाठी वापरतो, जमीन मागतो, इनाम मागतो. बाबांनी माउलींसाठी घोडा मागितला. शितोळ्यांनी दिला, आणि त्या घराण्यानं तो शब्द आजवर पाळला. दर वर्षी अंकलीहून दोन अश्व पायी आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्यावर कोणी बसत नाही. रिंगणात तो धावतो तेव्हा त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायला आपण कशी झुंबड करतो ते सांगायला नको. माउलींच्या तंबूची सेवाही शितोळ्यांचीच.

चौथी गोष्ट माणसांची, आणि ती सगळ्यांत अवघड. घोडा लगामानं चालतो, वारकरी कशानं चालणार? बाबांना साथ दिली ती खंडोजीबाबा, वासकर महाराज, शेडगे अशा थोर मंडळींनी. त्यांनी सगळ्या लोकांना दिंड्यांत बांधलं. दिंडी म्हणजे काय ते आपण जाणतोच. पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधे मृदंग, विणेकरी, मागं डोईवर तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या माउल्या. प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली. आज रथापुढं सत्तावीस दिंड्या चालतात आणि रथामागं दोनशेच्या वर. कोणी कोणाला ढकलून पुढं जात नाही. आपला नंबर कितवा हे माहीत असलं की लाखाच्या गर्दीतही माणूस हरवत नाही. म्हातारी चुकली तरी दिंडीचा नंबर सांगते आणि कोणीही तिला आणून सोडतं.

पाचवी गोष्ट हुकमाची. सोहळ्यात पहाटे कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला वळकटी बांधायची, दुसऱ्याला तयार होऊन उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी निघते. ही सरळ सरळ लष्कराची रीत. घड्याळ नव्हतं तेव्हाही चालत होती आणि आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे तरी तीच चालते. मुक्कामाला पोचल्यावर तंबूपुढं समाजआरती. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळ-मृदंगाचा कल्लोळ. चोपदार चोप उंच करतो आणि एका क्षणात सगळं शांत. पण एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडं जातो, काय झालं ते ऐकतो, तोड निघते, आणि मग ते टाळ थांबतात. नंतर हरवलं-सापडलं सांगायचं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगायचं, आणि आरती. एवढ्या लोकांचं राज्य असं चालतं. गाऱ्हाणं मांडायला भांडावं लागत नाही, आणि गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय आरतीही होत नाही. आम्हांला तर आमच्या गावच्या सभा बघून वाटतं की तिथंही एक चोपदार नेमावा.

सहावी गोष्ट भजनाची. नुसतं चालणं झालं तर ती फौज झाली. बाबांनी चालण्याला भजनाची जोड घातली. सकाळी मंगलाचरण, काकड्याचे, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, वारांचे अभंग, सांजेला हरिपाठ, अशी जी मालिका आपण म्हणतो, ती लावून देण्याचं श्रेय परंपरा हैबतबाबांना आणि त्यांच्या सोबतच्या थोरांना देते. कोणत्या वेळेला काय म्हणायचं हे ठरलेलं, म्हणून कुठल्याही गावचा माणूस कुठल्याही दिंडीत उभा राहिला तरी त्याच्या तोंडी तोच अभंग. ज्या हरिपाठानं गुहेत त्यांचा जीव राखला, त्या हरिपाठावर वारकऱ्याचा दिवस मावळतो.

आणि सातवी गोष्ट परतीची. पुष्कळ जण एकादशी केली की घरची वाट धरतात. आता तर एस.टी. आणि जीपगाड्या उभ्याच असतात. पण माउलींना परत आळंदीला न्यायचं असतं ना? पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की पालखी मागं फिरते. तेव्हा लोक थोडे असतात, चाल लांबलांबची असते, वाटेत स्वागताच्या कमानी नसतात. ज्यांनी परतवारी केली आहे त्यांना ठाऊक आहे तिची गोडी. जातानाचा बेत कोणीही करील. येतानाचा बेत करतो त्याला खरी जबाबदारी कळलेली असते.

आता बाबांनी स्वतःसाठी काय मागितलं ते सांगतो आणि चरित्र पुरं करतो. घोडा, तंबू, दिंड्या, मानकरी, सगळ्यांच्या जागा त्यांनी ठरवल्या. आरफळकरांना आजही सोहळ्याचे मालक म्हणतात. पण बाबांनी आपल्या देहासाठी जागा मागितली ती माउलींच्या महाद्वारातली पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या पायाची धूळ अंगावर पडावी म्हणून. पंढरीला नामदेवरायांची पायरी, तशी आळंदीला हैबतबाबांची पायरी. कार्तिक वद्यात माउलींच्या समाधीचा सोहळा सुरू होतो तो आधी या पायरीची पूजा करून. ज्यांनी सगळ्यांना पुढच्या-मागच्या जागा दिल्या ते स्वतः उंबऱ्याशी राहिले.

भाविकहो, हे आम्ही आत्ताच का लिहितो आहोत तेही सांगून टाकतो. आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत कीर्तनकार झाले, गायक झाले, मृदंगी झाले, त्यांचे फोटो या स्मरणिकेत येतील, यावेत. पण वैशाखात घरोघर फिरून भिशीचे पैसे गोळा करणारा, राहुट्यांना ठिगळं लावणारा, ट्रक ठरवणारा, पिठाचा नि डाळीचा हिशेब वहीत मांडणारा, एक दिवस आधी पुढं जाऊन मुक्कामाची जागा झाडून ठेवणारा, रात्री दोन वाजता उठून चुलीला जाळ घालणारा, यांचे फोटो कुठं असतात? त्यांना भजनात उभं राहायला सवड मिळत नाही. कैक वेळा पंढरीला जाऊन त्यांना कळसाचंच दर्शन होतं, कारण सामानापाशी कोणीतरी बसावं लागतं. त्यांना आपण कामकरी म्हणतो. आमच्या मते ते हैबतबाबांच्या घराण्यातले आहेत.

आणि आता अडचण अशी आली आहे की वीणा घ्यायला दहा हात पुढं येतात, वही घ्यायला एक येत नाही. जुनी माणसं थकली. पोरं म्हणतात, आम्ही चालायला येतो पण ती कटकट नको. पोरांनो, ती कटकट जर हैबतबाबांनी घेतली नसती तर आज तुम्हांला चालायला वाट नसती. सरदारकी भोगलेला माणूस. आरामात आळंदीत भजन करत बसला असता तरी त्याला कोणी नाव ठेवलं नसतं. त्याला माउलींची भेट झालेलीच होती. पण आपली वारी झाली तेवढ्यावर तो थांबला नाही. दुसऱ्याची वारी घडवणं हीसुद्धा वारीच आहे, असं त्यानं करून दाखवलं.

कीर्तनात आम्ही एक गोष्ट नेहमी सांगतो, ती इथंही लिहितो. शेतात पाणी पाजणारा माणूस दिवसभर बांधावर उभा असतो. दारं मोडतो, दारं धरतो. त्याचे पाय चिखलात, अंगावर ऊन. पीक वर आल्यावर लोक पीक बघतात, पाणी पाजणारा कोणी बघत नाही. पण पिकाच्या प्रत्येक दाण्यात तो असतो. हैबतबाबा तसे आहेत. पुढच्या ज्येष्ठात पहाटे तिसरा कर्णा वाजेल, पावलं आपोआप उचलतील, तेव्हा मनातल्या मनात त्यांना एक दंडवत घाला. आणि मंडळींनी यंदाच्या बैठकीत वही पुढं केली की मान खाली घालू नका. हात पुढं करा. आमची वही शिकवायची तयारी आहे, डोळ्यांना दिसतंय तोवर.

थोरांच्या चरित्रात आमच्या अडाणी हातून काही अधिक-उणं पडलं असेल तर संतमंडळींनी पदरात घ्यावं. सर्व वैष्णवांच्या चरणी मस्तक ठेवून लेखणी थांबवतो.

राम कृष्ण हरि.